साखरेतली हाडे

मुसलमानाच्या घरात बाहेरून कोणतीही खाण्याची वस्तू आली की तिची चौकशी होते. बिस्किटांचा पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचली जातात. जेलीतले जिलेटिन कोणत्या जनावराचे, चीज कशाने विरजले, औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टन कशाचे, असे प्रश्न आमच्या मुली आता दुकानदाराला बिनदिक्कत विचारतात. परगावच्या हॉटेलात बसण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाला 'गोश्त हलाल आहे ना?' असे विचारून घेतले जाते. काही मंडळी या सवयीची थट्टा करतात. आम्हाला ती थट्टेची गोष्ट वाटत नाही. घास तोंडात घालण्याआधी माणसाने थांबावे आणि 'हे कुठून आले?' असे विचारावे, यात एक मोठी नैतिक शिस्त आहे. जिभेला बरे लागते तेवढ्यावर ती वस्तू आपली होत नाही, तिच्यावर आपला हक्क आहे की नाही हे आधी पाहावे लागते, असे ही शिस्त सांगते.

मात्र हा प्रश्न कुठपर्यंत न्यायचा? वस्तूत काय मिसळले आहे इथे तो थांबतो, की ती वस्तू कुणी, कोणत्या अवस्थेत, किती मजुरीवर तयार केली इथपर्यंत तो जातो? हे तपासण्यासाठी आम्ही मुद्दामच साखर निवडली आहे. साखरेला कोणत्याही धर्माची मनाई नाही. ती निकाहात आहे, न्याजात आहे, ईदच्या शीरखुर्म्यात आहे. शेजारच्या सत्यनारायणाच्या प्रसादातही तीच आहे. इतकी निरुपद्रवी, इतकी सर्वांची वस्तू दुसरी सापडणे कठीण. आणि गेल्या पाचशे वर्षांत माणसाच्या अन्नात, त्याच्या बाजारात आणि त्याच्या वस्त्यांत या वस्तूने जेवढी उलथापालथ केली, तेवढी फार थोड्या वस्तूंनी केली असेल.

साखरेचा प्रवास तिच्या नावांतूनही दिसतो. 'शर्करा' हा संस्कृत शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला आणि तिथून युरोपच्या भाषांत शिरला. उत्तरेकडे पांढऱ्या साखरेला 'चिनी' म्हणतात, कारण त्या नावाशी चीन जोडलेला आहे. 'मिसरी' म्हणजे मिस्रची, इजिप्तची. आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या बायका दाणेदार पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. कोकणातल्या किंवा देशावरच्या ज्या बाईने आपला जिल्हाही ओलांडला नव्हता, तिच्या डब्यावर हिंदी महासागरातल्या एका बेटाचे नाव बसले होते. हे नाव तिथे कसे पोचले, यातच आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

हा इतिहास सांगताना मुस्लिम लेखक बहुधा अभिमानाने सुरुवात करतात. अरबांनी ऊस इराक-इराणपासून इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला, पाटपाण्याची विद्या नेली, साखर शुद्ध करण्याची कृती नेली. हे सारे खरे आहे. पण त्या वैभवाच्या काळातच, अब्बासी खिलाफतीत, दक्षिण इराकच्या खारट दलदली साफ करून जमीन लागवडीखाली आणण्याच्या कामाला पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम जुंपलेले होते. इ. स. ८६९ मध्ये बसऱ्याच्या परिसरात त्यांनी बंड केले आणि ते चौदा वर्षे, ८८३ पर्यंत, चालले. इतिहासकार तबरीने त्याची तपशीलवार नोंद ठेवली आहे. अन्नाच्या आणि जमिनीच्या लोभाने माणसाला जनावर करण्याची कला कोणा एका धर्माची किंवा एका खंडाची मिरास नव्हती, एवढे आधी मान्य केले म्हणजे पुढचे बोलण्याचा अधिकार येतो.

तरीही अटलांटिक महासागराच्या पलीकडे जे घडले त्याची जात वेगळी होती. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदेरा बेटावर उसाचे मळे लावले. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या जहाजांत उसाची बेणी होती. पुढे ब्राझील, बार्बाडोस, जमैका, सेंट-डोमिंग असे एकामागून एक प्रदेश उसाखाली गेले. ऊस तोडला की त्याचा रस लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घसरतो. म्हणून शेत आणि कारखाना शेजारी हवेत, दिवसरात्र पाळी हवी, आणि पळून न जाणारे हात हवेत. ते हात आफ्रिकेतून आणले गेले. अटलांटिकच्या चार शतकांच्या गुलाम-व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली. यांतले बहुसंख्य उसाच्या प्रदेशांत, म्हणजे ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले.

त्यांत कलमा पढणारेही होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांत हाफिज होते, मदरशांत शिकलेले होते. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातले साल्वादोर हे उसाच्या मळ्यांनी वेढलेले शहर. तिथे १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, मुस्लिम गुलामांनी आणि मुक्त झालेल्या आफ्रिकनांनी उठाव केला. तो एका रात्रीत चिरडला गेला. पकडलेल्यांच्या आणि मारल्या गेलेल्यांच्या अंगावर पोलिसांना अरबी अक्षरांतले कागद सापडले. ज्या महिन्यात आम्ही सरबताच्या पेल्याची वाट पाहतो, त्याच महिन्यात, साखरेवर उभ्या राहिलेल्या एका शहरात, रोजा धरणारी माणसे बेडी तोडायला उठली होती.

या साखरेचे पुढे काय झाले? ती इंग्लंडला गेली आणि तिने इंग्रजांचे जेवण बदलले. १७०० च्या सुमारास इंग्लंडात माणशी वर्षाला चार पौंडांच्या आसपास साखर खपत असे. १८०० पर्यंत ती अठरा पौंडांवर गेली. १८७४ मध्ये साखरेवरचा आयातकर संपूर्ण उठला आणि एकोणिसावे शतक संपता संपता इंग्रज माणसाच्या आहारातल्या उष्मांकांपैकी जवळजवळ एक-पंचमांश एकट्या साखरेतून येऊ लागले. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ आता सर्वमान्य झाला आहे. त्याचा रोख असा की, गिरणीत बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या मजुराला चीनचा चहा, वेस्ट इंडीजची साखर आणि पावावर जॅम एवढ्यात दिवस काढता आला, म्हणून त्याची मजुरी कमी ठेवता आली. शिजवायला वेळ नको, सरपण नको. म्हणजे मळ्यातला गुलाम आणि मँचेस्टरचा गिरणीकामगार एकाच कपाला दोन बाजूंनी बांधलेले होते. एकाची पाठ फोडून दुसऱ्याचे पोट भागवले जात होते, आणि नफा दोघांनाही न भेटणाऱ्या तिसऱ्याच्या हाती जात होता.

हे महत्त्वाचे अशासाठी, की साम्राज्याचा दोष सांगताना तिथल्या प्रत्येक खाणाऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. खाणारा बहुतेकदा गरीबच होता. पण त्याच खाणाऱ्यांतून एक वेगळा आवाजही उठला. १७९१ च्या एप्रिलमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक ब्रिटिश संसदेने फेटाळले, तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पत्रक काढून लोकांना वेस्ट इंडीजची साखर सोडण्याचे आवाहन केले. टॉमस क्लार्कसन गावोगाव फिरत होता. त्याच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर सोडली. त्यांत बायका पुढे होत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय यायचे हे त्या ठरवत. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेंट-डोमिंगच्या गुलामांनी मळे पेटवले. त्या बंडातून १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्मले. साखर सोडणारे आणि मळे पेटवणारे एकमेकांना ओळखत नव्हते. इतिहासाला दोघांचीही गरज होती, यातही शंका नाही. पण ओझे सारखे नव्हते. एकाने चहातली गोडी सोडली, दुसऱ्याने प्राण.

पुढची गोष्ट आपल्या अंगणात येते. साखर सोडलेल्यांना गोडाची आठवण येतच होती. मग १८२० च्या दशकात इंग्लंडात साखरेची अशी भांडी विकायला आली, ज्यांवर लिहिलेले असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे हिंदुस्थानची साखर ही त्या काळची 'पाक' साखर ठरली. सद्‌सद्विवेकाला लेबल मिळाले. पण हिंदुस्थानातला ऊस लावणारा रयत कोणत्या सावकाराच्या वहीत अडकला आहे, हे त्या भांड्यावर लिहायला जागा नव्हती.

१८३३ मध्ये कायदा झाला आणि १८३४ पासून ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपली. सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कुणाला? गुलामांच्या मालकांना. ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना छदामही मिळाला नाही. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ मध्ये झाली. म्हणजे ज्यांचे पूर्वज मळ्यांत राबले, अशा ब्रिटनमधल्या काळ्या करदात्यांनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडली. इतिहास संपला असे आपण म्हणतो तेव्हा असे हिशेब चालूच असतात.

मळ्यांना आता नवे हात हवे होते. मॉरिशस १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले होते. १८२५ मध्ये तिथल्या साखरेला वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लावण्याची सवलत मिळाली आणि बेटभर ऊस पसरला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाचे जहाज छत्तीस हिंदुस्थानी मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे मॉरिशसला नेली गेली. बहुतेक बिहार, बंगाल आणि मद्रास इलाख्यातली. पण हजारो मुंबई बंदरातूनही चढली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणवून घेणारा समाज आहे तो त्यांचाच. तिथल्या लोकसंख्येत सहांतला एक मुसलमान आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचे पूर्वजही याच गिरमिटावर अंगठा उमटवून गेले होते. मागून गुजराती आणि कच्छी व्यापारी गेले, ते तांदळाच्या आणि कापडाच्या पेढ्या घालायला. एकाच मशिदीत उसातला मजूर आणि तांदळाचा व्यापारी असे दोघेही एका सफेत उभे राहिले असतील. सफेबाहेरचा हिशेब मात्र निराळा होता.

या गिरमिटातला एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची एक नव्हे, दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला 'डबल कट' म्हणत. पाच रुपयांच्या पगारातून अशी दुहेरी कपात होत गेली की आजारी माणूस महिन्याच्या शेवटी मालकाचा देणेकरी निघे. करार संपलेल्यांनाही मोकळे फिरता येत नव्हते. १८६७ च्या कायद्याने त्यांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाने ९,४०१ मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कुठे शाही चौकशी आयोग आला. पुढे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये ही पद्धत मुळातून बंद करावी असा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो पडला. १९१७ मध्ये, महायुद्धाच्या गरजेत, मजुरांची ही निर्यात थांबली.

मॉरिशसची जमीन उसाखाली गेली ती गेलीच. जगाला गोडी पुरवणाऱ्या त्या बेटाला आपल्या ताटातला भात बाहेरून आणावा लागू लागला, आणि तो आजही आणावा लागतो. हे साम्राज्याच्या अन्नव्यापाराचे खरे व्याकरण आहे: पिकवायचे ते दुसऱ्यासाठी आणि खायचे ते विकत. मजुरांच्या शिध्यातल्या डाळीपासून तिथे डाळपुरी झाली. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर आज ती सर्व धर्मांची माणसे खातात. माणूस शिध्यातूनही चव काढतो, हे त्याचे मोठेपण. पण त्याच बेटावर आज प्रौढांपैकी साधारण पाचांतल्या एकाला मधुमेह आहे. कारणे अनेक असतील. तरी ज्यांच्या पणजोबांनी जगासाठी ऊस तोडला त्यांच्या पणतवंडांच्या रक्तात साखर साचावी, यावर थांबून विचार करावा असे वाटते.

आता त्या मोरस साखरेकडे पुन्हा वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसची, मग जावाची आणि युरोपातल्या बीटची साखर हिंदुस्थानच्या बाजारात उतरली. गुळाच्या देशात पांढरी साखर प्रतिष्ठेची झाली. पाहुण्याला गुळाचा चहा देणे कमीपणाचे वाटू लागले. जावाची साखर तरी कशी होती? १८३० पासून डच सरकारने तिथल्या गावांना आपल्या जमिनीचा एक-पंचमांश भाग सरकारी पिकांसाठी राखायला लावले होते, आणि ते राबणारे शेतकरी जवळपास सगळे मुसलमान होते.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत या परदेशी साखरेविरुद्ध मोहीम उठली. त्या वेळी एक गोष्ट देशभर पसरली: ही साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात, आणि ती हाडे गायीची असतात, डुकराची असतात. हाडांचा कोळसा वापरण्याची रीत युरोपातल्या कारखान्यांत होतीच, त्यामुळे बोलण्याला आधारही होता. हिंदू चमकले, मुसलमान चमकले. दोघांनीही साखर दूर सारली. प्रश्न योग्य होता, आणि दोन समाजांनी एकत्र विचारला होता, हे आज सांगायलाही बरे वाटते. फक्त तो एक पायरी अलीकडे थांबला. त्या साखरेत जनावरांची हाडे होती की नव्हती हे पोत्यापोत्यावर ठरत असेल. माणसांची हाडे मात्र प्रत्येक पोत्यात होती, आणि त्यांतली कित्येक आपल्याच गावांतून गेलेली होती.

आमचा मुद्दा एवढाच आहे. इस्लामी विचारात अन्नासाठी एकच शब्द नाही, दोन आहेत. सूरह अल-बकरामध्ये 'हलाल' आणि 'तय्यब' हे शब्द जोडीने येतात. हलाल म्हणजे ज्याला मुभा आहे ते. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ, ज्यातून कुणाचे वाईट झालेले नाही असे, असा अर्थ आम्ही लावतो. पहिल्याचा निकाल प्रयोगशाळेत किंवा कसायाच्या सुरीवर लागतो. दुसऱ्याचा निकाल मजुराच्या घरी लागतो. मजुरी देण्यात दिरंगाई करू नये अशी पैगंबरांची (स.) सक्त ताकीद आहे, आणि मापात पाप करणाऱ्यांबद्दल कुराणात एक अख्खी सूरह आहे. म्हणजे श्रमाचा आणि मापाचा प्रश्न आमच्याकडे कम्युनिस्टांकडून उसना आलेला नाही. तो आमच्या दस्तरखानावरच वाढलेला आहे.

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते टाळण्यासारखे नाहीत.

पहिला असा, की जुन्या पापांचा भार आम्ही का वाहावा? आमच्या पूर्वजांनी मळे चालवले नाहीत. ते तर मळ्यांत राबले. हे खरे आहे, आणि म्हणूनच अपराधीपणा बाळगा असे आम्ही म्हणत नाही. पण जबाबदारी आणि अपराध या दोन गोष्टी आहेत. वारशाने आलेल्या घराचा पाया कुणी खचवला हे विचारताना दोषी सापडेल किंवा न सापडेल, डागडुजी राहणाऱ्यालाच करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. सगळेच बरबटलेले आहे. चहा घ्या, कापूस घ्या, चॉकलेट घ्या, मोबाइल घ्या. एकेकाचा हिशेब मागू लागलो तर माणसाने जगायचे कसे? हा प्रश्न नवा नाही. इमाम गझालींनी आपल्या 'इह्या' या ग्रंथात हलाल-हरामवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की जगाच्या संपत्तीत हराम मिसळलेले आहे, तेवढ्यावरून सगळ्या जगाची संपत्ती हराम ठरत नाही. तसे मानले तर जगणेच बंद होईल. संशयाच्या आजाराला, म्हणजे वसवशाला, ते परहेजगारी म्हणत नाहीत. पण म्हणून ते चौकशीही सोडत नाहीत. ते परहेजच्या पायऱ्या सांगतात. ज्याला जितके कळले, जितके झेपले, तितके त्याने वर चढावे. हा तोडगा आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. सगळेच दूषित आहे म्हणून उपाशी राहू नका. आणि सगळेच दूषित आहे म्हणून डोळेही मिटू नका.

तिसरा आक्षेप गरिबांचा आहे. महाग आणि स्वच्छ विवेकाची साखर श्रीमंतांना परवडेल. ज्याच्या दिवसाची सुरुवात चहा-पावाने होते त्याने काय करायचे? त्याला प्रवचन देणे हा अन्यायच होईल. साम्राज्याने गरिबाला स्वस्त गोडीवर ठेवून त्याची मजुरी दाबली, हे आपण वर पाहिले. तेव्हा गरिबाचा कप हिसकावणे हे उत्तर नाही. प्रश्न विचारण्याचे ओझे, ज्याच्याजवळ जितकी ऐपत आणि जितका आवाज आहे, तितके त्याने उचलायचे आहे.

आणि आज हा प्रश्न विचारण्यासाठी मॉरिशसला जावे लागत नाही. जावाच्या साखरेपासून बचाव म्हणून १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळाले. इंग्रजांनी दुष्काळावर उपाय म्हणून काढलेल्या नीरेच्या आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना सुरू करून दाखवला, आणि ऊस लावणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेला महाराष्ट्राने दिलेले हे खरेखुरे उत्तर होते. त्याचे मोल कमी लेखू नये. पण या सहकारात ऊस लावणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही.

तोडणारा दर दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, नगरकडून बिऱ्हाड घेऊन निघतो. मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यासाठी सहा महिने पालात राहतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे हिशेबात दोन माणसांचे मिळून एक हत्यार होते. आजारपणामुळे एखादा दिवस काम बुडाले तर 'खाडा' लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. मॉरिशसच्या 'डबल कट'चे हे मराठी नाव आहे. खाडा पडू नये म्हणून बायकांनी काय केले? २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. गिरमिट १९१७ मध्ये थांबले असे आपण पुस्तकात वाचतो. त्याची रीत मात्र घरी परत आलेली दिसते.

मग करायचे काय? आम्ही साखर सोडा असे म्हणणार नाही. १७९१ च्या बायकांना जे साधले ते सोडण्याने जेवढे साधले, तेवढेच विचारण्याने साधले. आपल्याकडे विचारण्याची यंत्रणा तयार आहे. रमजानमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यांतून गरिबांसाठी शिध्याच्या पिशव्या भरल्या जातात. त्यांत साखर असते, आणि ती पोत्यांनी घेतली जाते. ज्या कारखान्याकडून वा घाऊक व्यापाऱ्याकडून ती येते, त्याला जमातीच्या वतीने लेखी विचारता येईल: तोडणीच्या मजुरांची नोंद आहे का, बाईच्या नावावर वेगळी मजुरी निघते का, खाडा घेता का, पालावरच्या मुलांच्या शाळेची सोय आहे का? ज्या मुद्द्याला उत्तर नाही, तो मुद्दा जाहीर करता येईल. जकातीचा एक भाग ऊसतोड कुटुंबांच्या उचलीतून सुटकेसाठी देता येतो का, याचा विचार उलेमांनी करावा. कर्जात बुडालेला आणि मान अडकलेला माणूस हे दोघेही जकातीच्या हकदारांत आधीपासूनच मोजलेले आहेत. त्यांतले मजूर बहुतेक आपल्या धर्माचे नसतील. जकात मुसलमानांपुरती, असे फिकहचे बहुतेक जाणकार मानतात. तसे असेल तर सदका आहे, इमदाद आहे. भुकेलेल्याची जात विचारायची नाही एवढे तरी सर्वांना मान्य आहे.

हलालचा शिक्का असलेल्या मालाचा बाजार आज जगभर पसरला आहे, आणि आपल्या देशात त्यावरून वादही पेटवले जातात. त्या वादात बचाव करताना आपण शिक्क्याचाच अर्थ लहान करून बसू नये. हलाल म्हणजे केवळ एका समाजाची खाण्याची पद्धत, असे एकदा ठरले की तो एक बाजारी प्रकार होऊन जातो. त्याऐवजी आम्ही शेजाऱ्याला सांगू शकतो की आमच्या धर्मात घासाला जाब विचारला जातो, आणि तो जाब राबणाऱ्या हाताच्या बाजूने आहे. हे ऐकून उसाच्या फडातली बाई, ती कोणत्याही धर्माची असो, आम्हाला परके समजणार नाही.